कान कामगाराचे, कागद मालकाचा!

जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या माळावर रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाला कान लावून बसल्या आहेत. एकूण ३० अँटेना; त्यांतल्या १४ अँटेना एका चौरस किलोमीटरभर जागेत, बाकीच्या आसपासच्या शिवारांतून दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा हेरली, कारण रेडिओलहरींचा गोंगाट इथे कमी होता. तो कमीच राहावा म्हणून मोठे उद्योग या परिसरात येऊ द्यायचे नाहीत, असे सरकारी धोरण ठरले. जानेवारी २०२३ मध्ये याच दुर्बिणीने टिपलेल्या हायड्रोजनच्या संकेताची बातमी जगभर गेली. तो संकेत निघाला होता ८८० कोटी वर्षांपूर्वी! जुन्नरकरांची छाती फुगली, आमचीही फुगली.

आता दुसरीकडे पाहा. दुर्बिणीच्या कानात कचरा जाऊ नये म्हणून या मुलखाने कारखानदारीवर पाणी सोडले, आणि त्याच मुलखातली पोरे नारायणगाव, मंचर, कळंबच्या फाट्यांवर पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असतात. कोणी चाकणला पॉवर प्रेसवर जातो, कोणी रांजणगावला, कोणी भोसरीतल्या एखाद्या गाळ्यात. घराजवळ राहिलेला खडीक्रशरवर जातो, नाहीतर हंगामात साखर कारखान्याच्या मिलवर, टर्बाईनवर, सेंट्रिफ्युगलवर उभा राहतो. त्यांच्यातल्या एखाद्याला दहा वर्षांत ४००० हर्ट्झचा सूर ऐकू येईनासा झाला, तर त्याची नोंद कोण ठेवतो? ८८० कोटी वर्षांपूर्वीची कुजबुज टिपणाऱ्या तालुक्यात आपल्याच माणसाचा कान जातो आणि कोणाच्या दप्तरी त्याची ओळसुद्धा उमटत नाही! शास्त्रज्ञ मंडळी म्हणतील, तो गोंगाट रेडिओलहरींचा आणि हा हवेतला, दोन्हींची गल्लत करू नका. आम्ही ती करत नाही. एका कानासाठी राज्याचे धोरण ठरते आणि दुसऱ्यासाठी साधा प्रशिक्षित माणूस मिळत नाही, या अन्यायाबद्दल आम्ही बोलत आहोत.

कायदाच नाही, अशी सबब कोणी पुढे करू नये. आवाजामुळे येणारी श्रवणक्षती १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचित आजार म्हणून नोंदवलेली होती, आणि त्याच्या जागी आलेल्या श्रमसंहितेतही तशीच आहे. ती आढळली की सरकारला कळवण्याचे बंधन व्यवस्थापकावरही आले आणि डॉक्टरवरही. कारखाने नियमांतल्या मोठ्या आवाजाविषयीच्या परिशिष्टात तर कोष्टकच आहे: ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन, आणि ११५ ला अवघे पाव तास. या मर्यादेपलीकडच्या आवाजात काम करणाऱ्याची श्रवणचाचणी रुजू झाल्यापासून १४ दिवसांत आणि पुढे दर बारा महिन्यांनी झाली पाहिजे, १२५ पासून ८००० हर्ट्झपर्यंतच्या सुरांवर. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हा मोफत वार्षिक आरोग्य तपासणीचे ढोल वाजले. पण ती चाळिशी ओलांडलेल्यांसाठी! आवाज सर्वांत मोठा घास घेतो तो नोकरीच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत. विसाव्या वर्षी प्रेसवर उभ्या राहिलेल्या पोराचा कान चाळिशीत तपासणे म्हणजे वाडा जळून गेल्यावर बंब मागवणे होय.

मग कायदा असून अडते कुठे? अडते खुर्चीवर. श्रवणमापकाची खुंटी फिरवायला त्या खुर्चीवर जो बसतो, त्याला काय येते, हे कोणी विचारत नाही. परिशिष्टाचा सारा भर सर्टिफाइंग सर्जनच्या सहीवर आहे. सही करणारा पदवीधर डॉक्टर. आकडा काढणारा कोण? कोणत्याही औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या कामगाराला विचारा, तो तुम्हाला हसत हसत सांगेल. वर्षातून एकदा गेटवर तपासणीची गाडी येते. सकाळी ज्या पोराने रक्त काढले, तोच दुपारी कानाला हेडफोन लावतो. टेबल कँटीनमध्ये, भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर धडधडतो आहे, रांगेत पन्नास जण. ‘आवाज आला की हात वर करा.’ कामगार समोरच बसलेला असतो, त्याला खुंटी फिरताना दिसते. ती फिरली की हात वर जातो. दोन-अडीच मिनिटांत खेळ खलास! कागदावर शिक्का पडतो ‘एनएडी’, म्हणजे दोष आढळला नाही. गाडी पुढच्या कंपनीच्या गेटवर.

ही चाचणी नव्हे, हे थोतांड आहे. खरी चाचणी कशी होते ते सांगतो, म्हणजे वाचकाला फरक कळेल. आधीचे किमान चौदा तास कान शांततेत असावे लागतात. पाळी सुटल्यावर हेडफोन लावला तर थकलेला कान वेगळाच आकडा सांगतो, आणि रात्रभर विश्रांती मिळाली की तोच कान बराचसा सावरतो. चाचणी पाळी सुरू होण्याआधी घ्यायची, ती यासाठी. आधी कानात डोकावून पाहायचे. मळाचा बोळा बसला असेल तर आकडे त्या बोळ्याचे निघतील, माणसाचे नव्हे. मग चौकशी: कानात शीळ वाजते का? लहानपणी कान फुटला होता का? बैलगाडा शर्यतीच्या घाटात भोंग्याखाली उभे राहण्याची हौस आहे का? यात्रेत, वरातीत डीजे वाजवता का? (आमच्या भागात हा प्रश्न सोडून चालणारच नाही.) लाल हेडफोन उजव्या कानाला, निळा डाव्याला. कामगाराला बसवायचे असे, की खुंटी फिरवणारा हात त्याला दिसू नये. चांगल्या कानापासून आणि १००० हर्ट्झपासून सुरुवात. सूर ऐकू आला की दहा डेसिबलने खाली, ऐकू आला नाही की पाचाने वर. असे करत करत जिथे निम्म्या वेळा तरी उत्तर येते, ती त्याच्या कानाची रेषा. एकेका कानाचे सात-सात सूर. पडताळणीसाठी १००० हर्ट्झ पुन्हा. यंत्राचे वर्षाला कॅलिब्रेशन हवे, आणि रोज सकाळी तपासनिसाने ते स्वतःच्या कानावर पडताळून पाहिले पाहिजे. खोलीची शांतताही मोजलेली हवी. बाहेर कॉम्प्रेसर चालू असेल तर खालचे सूर त्यात बुडतात आणि धडधाकट माणूस कागदावर बहिरा ठरतो. मग तपासणाऱ्याला वाटते, हे काही बरे दिसत नाही, आणि तो आपल्या मनचा आकडा भरतो!

एवढे झाल्यावर वाचन. आवाजाने खाल्लेल्या कानाची खूण आलेखावर दिसते: ३००० ते ६००० हर्ट्झच्या दरम्यान, बहुधा ४०००ला, रेषा खड्ड्यात उतरते आणि ८०००ला पुन्हा वर येते. वयाने गेलेल्या कानाची रेषा उतरतच जाते. कान फुटलेल्याची आणखी वेगळी. हा खड्डा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उमटू लागतो, आणि तेव्हा कामगाराला स्वतःला काहीच जाणवत नाही. कानाच्या शंखात जन्मतः पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून हा खड्डा वेळेवर दिसणे हेच औषध. पुढे स, श, फ, थ ही व्यंजने गळू लागतात आणि स्वर तेवढे शाबूत राहतात. माणूस म्हणतो, ऐकू येते हो, पण कळत नाही. टोमॅटोचा क्रेट सातशेला गेला की आठशेला, हे फोनवर तीनदा विचारावे लागते. घरचे म्हणतात, हल्ली यांचे लक्षच नसते. कामावर मागून फोर्कलिफ्टचा भोंगा वाजतो आणि तो ऐकू येत नाही, तेव्हा मात्र लक्ष नसल्याची किंमत हाडे मोजतात.

ज्याला हे वाचन येत नाही त्याच्या हातून निघालेला ‘एनएडी’ निरुपयोगी असता, तर आम्ही इतका आवाज चढवला नसता. तो घातक आहे. श्रवणक्षती नुकसानभरपाईच्या कायद्यात, त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, व्यावसायिक आजार म्हणून बसलेली आहे. कामगार एक दिवस भरपाई मागायला उभा राहील, आणि समोरचा वकील फाइल उघडून दहा वर्षांचे दहा कागद टेबलावर टाकेल: पाहा साहेब, दरवर्षी तपासले, दरवर्षी निर्दोष! ज्या कागदाने कामगाराचा कान वाचवायचा, त्याच कागदाने त्याचा दावा गाडला जातो. आणि तो कागद कामगाराच्या हाती कधी पडलेला नसतो. कान त्याचा, कागद मालकाच्या कपाटात.

त्यात कायद्याने आणखी पेच घालून ठेवले आहेत. राज्य कामगार विम्यातून हंगामी कारखाने वगळले आहेत, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखर नाव घेऊन बसवलेली आहे. म्हणजे चाकणच्या कामगाराला विम्याचा आधार, साखर कारखान्याच्या कामगाराला तोही नाही. राहिला भरपाईचा कायदा. त्यात श्रवणक्षतीसाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरीची अट आहे. गाळप चालते चार-पाच महिने. हंगामी माणसाने सहा महिने कोणत्या पंचांगातून आणायचे? बिगरहंगामातली नोकरी धरायची की नाही, यावर कायदेपंडितांनी खुशाल वाद घालावा. पण वादाला बसण्यापुरता तरी कागद त्या माणसाजवळ असू द्या! चाकणच्या कंत्राटी पोराचे रडगाणे वेगळे: कान वर्षानुवर्षे झिजतो, ठेकेदार सहा-आठ महिन्यांनी बदलतो. प्रत्येक ठेकेदार म्हणणार, हा माझ्याकडे आला तेव्हाच असा होता. रुजू होताना घेतलेला खरा आलेख नसेल, तर त्याला खोटे कोण पाडणार?

आता सर्वांत कडू भाग. परक्या भांडवलदाराला शिव्या देणे सोपे असते. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि दत्तात्रयनगरचा भीमाशंकर हे दोन्ही सहकारी कारखाने. मालक कोण? तुम्ही, सभासद! तुमचा ऊस गव्हाणीत पडतो, तुमचाच पोरगा, भाचा, भावकीतला कोणीतरी आत मिलवर उभा असतो. उसाच्या एफआरपीसाठी तुम्ही रस्ता अडवता, रिकव्हरीच्या दशांशावरून सर्वसाधारण सभा डोक्यावर घेता. ऊस पिंजणाऱ्या फायब्रायझरपाशी किती डेसिबल आहेत, हे आजवर किती सभासदांनी विचारले? या दोन कारखान्यांत तपासण्या खोट्या होतात, असा आरोप आम्ही करत नाही. पण तपासण्या खऱ्या होतात याचा पुरावा मागणे हा मालकाचा अधिकार आहे, आणि मालक झोपला आहे, हा आरोप मात्र आम्ही ठणकावून करतो.

कामगारांनाही चार शब्द. प्लग दिला की खिशात, मफ दिला की खुंटीवर, साहेब आला की कानावर. हे कोणाला फसवणे आहे? आम्हाला तुमची भीतीही ठाऊक आहे. चाचणीत दोष निघाला तर गेटबाहेर काढतील, म्हणून सुरांचा ठेका पाठ करून बटण दाबणारे आहेत. भीती खोटी नाही. म्हणूनच चाचणीच्या निकालावरून कोणाची नोकरी जाणार नाही, फार तर विभाग बदलेल, हे करारात लिहून घेणे युनियनचे काम आहे. पगारवाढीच्या करारात वॉशिंग अलाउन्सचे कलम घालायला विसरत नाही, मग हे कलम कसे विसरता?

हा मुलूख असा नव्हता. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईच्या गिरणीत राबत होता. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि हटला नाही. डिंभ्याच्या जलाशयाला त्याचे नाव देऊन आपण मोकळे झालो. ज्या गिरण्यांत तो आणि घाटावरची हजारो माणसे राबली, तिथल्या मागखात्यात एकमेकांशी खुणांनी बोलत; निवृत्त होऊन गावी आलेले म्हातारे घरात ओरडून बोलायचे आणि आपण त्यांना हसायचो. त्यांच्या कानांची भरपाई कोणी मोजली? त्याही आधी, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंड्यांनी परळला सभा भरवून ५५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, ही मागणी त्यात होती. लोखंडे ज्या सत्यशोधक चळवळीतले, तिला जुन्नर-ओतूरच्या शेतकऱ्यांनी बळ दिले होते. १८८४ चा अशिक्षित गिरणी कामगार अंगठा उठवून जे मागू शकला, ते मोबाइलवर जग पाहणाऱ्या त्याच्या पणतवंडांना मागता येऊ नये?

मागायचे काय, तेही नेमके सांगतो. अमेरिकेत १९७३ पासून कारखान्यातली श्रवणचाचणी करणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र परिषद आहे. वीस तासांचा अभ्यासक्रम, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा, पाच वर्षांची मुदत, मग उजळणी. तिथे ८५ डेसिबलपासूनच चाचणी लागू होते. पहिल्या आलेखाच्या तुलनेत २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी दहा डेसिबलने घसरली की २१ दिवसांत कामगाराला लेखी कळवावे लागते. अमेरिकेचे सारेच गोड मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण खुर्चीवर बसणाऱ्याची परीक्षा आधी घेतात, एवढे तरी उचला. आपल्याकडे शिकवणाऱ्यांचा दुष्काळ आहे का? म्हैसूरची वाक् श्रवण संस्था १९६५ ची, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. मुंबईच्या नायर रुग्णालयातली श्रवणशास्त्राची शाळा देशातल्या पहिल्यांपैकी. शीवची केंद्रीय श्रम संस्था डॉक्टरांना तीन महिन्यांत औद्योगिक आरोग्याची पात्रता देते. श्रवणशास्त्राची पदवी चार वर्षांची, बारावीनंतरचा डिप्लोमा एक वर्षाचा, आणि भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी. सर्व आहे, कारखान्याच्या गेटवर बसणाऱ्या तपासनिसासाठीची शेवटची पायरी तेवढी बांधायची राहिली आहे.

ती बांधा. वांद्रे आणि शीवच्या संस्थांनी मिळून छोटा, कडक अभ्यासक्रम आखावा, राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने तो बंधनकारक करावा. विद्यार्थी कुठून आणायचे? घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पश्चिमेच्या खोऱ्यांतल्या बारावी विज्ञान झालेल्या मुली नर्सिंगला जागा मिळत नाही म्हणून घरी बसल्या आहेत. त्यांना शिकवा. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात एकेक ध्वनिरोधक कक्ष उभारा. वीसहून कमी माणसांच्या ज्या गाळ्यांना कारखान्यांचे नियम शिवत नाहीत, तिथल्या आणि क्रशरवरच्या मजुरांनाही तिथे दार उघडे ठेवा. मात्र एक कुंपण पक्के घाला. अशा तपासनिसाने फक्त मोजायचे. निदान श्रवणतज्ज्ञाने आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाने करायचे. नाहीतर वीस तासांचे प्रमाणपत्र भिंतीला टांगून श्रवणयंत्रांची दुकाने थाटणारे भोंदू गल्लोगल्ली उगवतील, आणि आपण एका थोतांडाच्या जागी दुसरे बसवलेले असेल.

खर्चाची ओरड आधीच ऐकू येते आहे. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या मांडवाला, फेट्यांना आणि पानभर जाहिरातींना पैसा असतो. श्रवणमापक आणि लाकडी-फोमच्या कक्षापाशी आला की तो आटतो! आणि कान तपासणे हा अर्धाच उपाय, हेही संचालकांनी ऐकून ठेवावे. वाफेच्या वाहिनीला सायलेन्सर, टर्बाईनला आवरण, यंत्राच्या बैठकीला रबर, माणसांची अदलाबदल, हे आधीचे काम. आलेखावर खड्डे उमटले की या कामांना टाळाटाळ करता येत नाही. खरा तपासनीस आत येऊ नये असे ज्यांना वाटते, त्यांना बहुधा याचीच धास्ती असते.

तेव्हा सभासदहो, यंदाच्या वार्षिक सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयां’ची वाट पाहू नका, तोवर अर्धी सभा जेवणाच्या पंगतीत असते. मुदतीआधी लेखी प्रश्न टाका आणि पोच घ्या. मसुदा आम्हीच देतो: “मागील हंगामात मिल, टर्बाईन, बॉयलर आणि सेंट्रिफ्युगल विभागांत मोजलेले डेसिबल किती, ते कोणत्या तारखेला मोजले? या विभागांतील किती कायम, हंगामी व कंत्राटी कामगारांची श्रवणचाचणी रुजू झाल्यापासून १४ दिवसांत झाली? ती घेणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण काय, यंत्राचे शेवटचे कॅलिब्रेशन केव्हा झाले, आणि किती कामगारांना त्यांच्या आलेखाची प्रत सहीनिशी देण्यात आली?”

उत्तर लेखीच घ्या, आणि आमच्याकडे पाठवा. जसे येईल तसे, काना-मात्रेचा फरक न करता, याच जागी छापू.